ज्याचं त्याने बोलायचं नाही

भिंगरीला भिंगरी हे नाव आत्याने ठेवलं, आणि तेही अगदी अलीकडे. मागच्या वर्षापर्यंत ही मुलगी इतकी गप्प, की हजेरी घेताना बाई नुसतं तिच्या बाकाकडे बघून खूण करत. 'हजर' ऐकायची वाट बघितली असती तर तास संपला असता. मग वक्तृत्व स्पर्धेच्या दिवशी नेमकी बोलणारी मुलगी आजारी पडली. बाईंनी वर्गावरून नजर फिरवली, सगळ्यांनी पटापट माना खाली घातल्या, आणि ही खिडकीबाहेर बघत होती म्हणून हिची तेवढी राहून गेली. स्टेजवर एकदा तोंड उघडलं ते मिटेचना. घंटा वाजून गेल्यावरही बोलत राहिली म्हणून बक्षीस हुकलं. घरी मात्र गिरक्या घेतच आली. तेव्हापासून भिंगरी. एवढं सगळं बोलणं हिने इतकी वर्षं कुठे दडवून ठेवलं होतं, हा प्रश्न तिच्या आईला अजून पडतो.

यंदा शाळेच्या कलाप्रदर्शनाआधी चित्रकलेच्या बाईंनी सगळ्या वर्गाला दम भरला. "सूर्यास्त, फुलदाणी आणि झोपडी आणाल तर दारातूनच परत पाठवीन."

"बाई, आवाजांचं चित्र चालेल?" भिंगरीने विचारलं.

"म्हणजे काय गं?"

"ते मलापण अजून माहीत नाही. पण चालेल का?"

बाई हसून चालेल म्हणाल्या आणि भिंगरी कामाला लागली. आवाज कुणाचे, हे शोधायला तिला लांब जावं लागणार नव्हतं. तिचे बाबा भाजीच्या घाऊक बाजारात काट्यावर होते. लिलावाच्या शेडमध्ये शेतकऱ्यांचे क्रेट तोलायचे आणि वजन ओरडून सांगायचं, हे त्यांचं काम. भिंगरीचं अर्धं बालपण कोबीच्या ढिगामागे गेलेलं. डोळे मिटून खोकला ऐकला तरी तो कुणाचा हे ती सांगायची. तिची आत्या पण तिथलीच, म्हणजे टोमॅटो पिकवणारी आणि आठवड्यातून दोनदा टेम्पोत बसून माल घेऊन येणारी.

चष्मिस ही भिंगरीची जिवाभावाची मैत्रीण. भिंगरीने बोलायचं आणि बाकी सगळं चष्मिसने करायचं, अशी त्यांची कामाची वाटणी. दोघी सायकली दामटत शेताशेतावर गेल्या, मोबाइल पुढे केला आणि लोक बोलायला लागले. काय एकेक बोलले. वांगीवाल्या ताईची विहीर आटली होती. लांबच्या बोअरवरून ती घागरीने पाणी आणून एकेका झाडाला पाजत होती, आणि कुठल्या झाडाला जास्त तहान आहे हे आजारी मुलाबद्दल सांगावं तसं सांगत होती. कोबीआजोबांना भाव मिळाला नाही म्हणून त्यांनी उभ्या पिकावर ट्रॅक्टर फिरवला होता. आणि आत्याच्या थोरल्या तुकड्यावर गारा पडल्या होत्या. आत्या घराच्या पायरीवर बसून सांगत होती, "सकाळी गेले तर सगळा टोमॅटो खाली. सगळं गेलं." मग ती जरा थांबली आणि म्हणाली, "मी आभाळाला म्हटलं, बाबा रे, तोडायला माणूस मिळत नव्हता, ते काम तू फुकटात केलंस. आता आलाच आहेस तर निवडून क्रेटमध्येही भरून जा." आणि स्वतःच खदखदून हसली.

घरी भिंगरीने ते पुन्हापुन्हा ऐकलं. हे सोनं होतं. फक्त ते शेवटचं हसणं मध्येच कडमडत होतं. बाई म्हणाल्या होत्या, ऐकणाऱ्याच्या घशात आवंढा आला पाहिजे. भिंगरीने चष्मिसला सांगून विनोद कापला, 'सगळं गेलं' याच्यापुढे मोठी शांतता टाकली आणि त्या शांततेत पत्र्यावर गारा पडल्याचा आवाज सोडला. गारा म्हणजे खरं तर ताटात ओतलेले चणे होते, पण कळत नव्हतं. दोघींनी ते डोळे मिटून ऐकलं आणि चष्मिसने चष्मा काढून पुसला.

"काय भारी झालंय गं," ती नाक ओढत म्हणाली.

"झालंयच मुळी," भिंगरी म्हणाली. विनय वगैरे गोष्टी तिने अजून शिकायच्या ठेवल्या होत्या.

आणि मग तिला त्याहून भारी कल्पना सुचली. हे शाळेच्या हॉलमध्ये कशाला, लिलावाच्या शेडमध्येच वाजवायचं. रविवारी शेड रिकामी असते, पत्र्याखाली आवाज कसा घुमतो, आणि ऐकायला शाळा येईल, शेतकरी येतील, व्यापारीही येतील. बाईंना पटलं. बाजाराच्या सेक्रेटरींनी शेड तर दिलीच, वर व्यापाऱ्यांना आपणहून आमंत्रण धाडलं आणि खुर्च्याही कबूल केल्या. शेतकऱ्यांना भिंगरीने जागेचं मुद्दाम सांगितलं नाही. म्हटलं, तालमीला बोलवू आणि एकदम चकित करू.

तशी ती झालीच चकित, आत्या. पण भिंगरीच्या मनात होती तशी नाही.

तालमीच्या दुपारी लिलाव उरकले होते, शेड धुतलेली होती, फरशीवर कोबीची पानं चिकटलेली. आत्या, कोबीआजोबा, ताई आणि लिलाव पुकारणारे भोंगाकाका उलट्या क्रेटवर बसले. चष्मिसने बटण दाबलं. पत्र्याखालून आत्याचा आवाज सगळीकडून आला, "सगळं गेलं," आणि मग शांतता, आणि मग चणे.

आत्या उठली, चालत स्पीकरपाशी गेली आणि तिने त्याच्यावर पालथा हात ठेवला.

शेडमधल्या कुणालाही याचा अर्थ विचारावा लागत नाही. बोली चालू असताना शेतकऱ्याने आपल्या क्रेटवर असा हात ठेवला, की माल विकायचा नाही. बोली तिथेच थांबते. भोंगाकाकांनी सवयीने तोंडावरचा हातरुमाल काढला आणि पुटपुटले, "उठला माल."

"आत्या, अगं काय झालं?"

"माझं हसणं कुठे गेलं?"

"ते जरा… म्हणजे त्याने दुःख कमी होत होतं."

"माझं दुःख कमी झालं तर तुझं काय बिघडलं गं?" आत्याचा हात स्पीकरवरच होता. "आणि रविवारी इथे कोणकोण बसणार? व्यापारी बसणार. अगं, शेडमध्ये वाढलेली पोर तू. इथे कसं काय विचारलं की काय म्हणायचं असतं?"

"मस्त," भिंगरी अगदी हळू म्हणाली.

तेच तर होतं. शेडमध्ये कुणीही कधीही स्वतःची अडचण सांगत नसे. पाय प्लास्टरमध्ये असला तरी मस्त, घरचं छप्पर उडालं तरी मस्त. कारण समोरचा घेणारा असतो, आणि अडलेल्याचा माल घ्यायला कुणालाच घाई नसते.

"थोरला तुकडा गेला हे कुणाला माहीत नाही," आत्या म्हणाली. "राहिलाय तो धाकटा. त्याचे क्रेट पुढच्या आठवड्यात इथे लागणार. हिला विकायलाच हवं हे एकदा कळलं, की मिशीवाले शेठ माझ्यापुढून हात मागे बांधून जातील. म्हणतील, दुपारपर्यंत थांबू, आपोआप खाली येईल. आणि तू तर मला स्पीकरवर रडवते आहेस, तेही चणे घालून."

चष्मिस खाली बघायला लागली. कोबीआजोबा घसा खाकरून म्हणाले, "पोरी, मग माझंही राहू दे." ताईने नुसती मान हलवली. एकामागून एक सगळ्यांनी आपापले आवाज उचलले. भिंगरीपाशी उरले ते चणे.

काट्यावरून बाबा सगळं बघत होते. जाताना ते एवढंच म्हणाले, "तोंडावर पडलीस ना? बरं झालं. आता जा आत्याकडे, आणि तिथे तूच बोलू नकोस, तिलाही बोलू दे."

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर भिंगरी आत्याच्या घरी गेली. आत्या अंगणात धाकट्या तुकड्यातला पहिला तोडा निवडत बसली होती. लाल एकीकडे, पिवळसर एकीकडे. भिंगरी समोर बसून निवडू लागली. सॉरी म्हणाली. आत्या म्हणाली, "तो डाग पडलेला वरच्यात टाकू नकोस." म्हणजे माफ केलं होतं.

"कोबीआजोबांनाच परत विचारून बघू का?" भिंगरीने हळूच सुरुवात केली. "त्यांचा तर कोबी संपला. त्यांना काय भीती?"

"विचार बाई. पण त्यांचं तू घेतलंयस काय? ट्रॅक्टर फिरवला, एवढंच ना? त्यांच्या तोंडून तेवढंच निघणार. कसा फिरवला ते सांगितलं का?"

"कसा?"

आत्याने हातातला टोमॅटो खाली ठेवला. "अगं, ट्रॅक्टरवर बसले, चावी फिरवेनात. बसले आपले. मी बांधावरून बघतेय. मग उतरले, वावरात गेले, चांगला गरगरीत बघून एक गड्डा कापला, आणून आपल्या शेजारी चाकाच्या पत्र्यावर ठेवला. असा, एका हाताने धरून. आणि मग निघाले." आत्याचा डावा हात हवेत एक गड्डा सांभाळत होता, उजवा स्टीअरिंग फिरवत होता, आणि तोंडावर अगदी कोबीआजोबा उतरले होते, खालचा ओठ पुढे काढलेला. "मी ओरडले, अहो काका, त्याला कशाला घेतलंय? तर म्हणतात कसे, सगळ्यांना गाडायला चाललोय, निदान एकाला तरी चक्कर मारून आणतो."

भिंगरीला हसू आलं आणि त्याच क्षणी घशात ते आलंही, जे ती गेले कित्येक दिवस चणे ओतून आणायला बघत होती.

"आत्या," ती म्हणाली, "हे तू शेडमध्ये बोलशील? असंच्या असं?"

"बोलेन की. माझं थोडंच आहे?"

दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या. भिंगरीच्या हातातला टोमॅटो पचकन फुटला.

"आत्या. आणि तुझं जर आजोबा बोलले तर?"

आत्या नुसती हसायला लागली, आधी हळू, मग खदखदून, अगदी त्या कापलेल्या हसण्यासारखी. "टोमॅटो तर निम्म्या शेडचे आहेत," ती डोळे पुसत म्हणाली. "आणि गारा काय, बांध बघून पडतात. याच्यात पडल्या, त्याच्यात नाही. कोण ओळखणार आहे?"

भिंगरी सायकलवरून घरी गेली असं म्हणणं बरोबर नाही. सायकल गेली आणि ही तिच्यावर उभी होती. चष्मिसच्या दारात ब्रेक दाबत ती ओरडली, "सगळं पुसून टाक. माणसंच बोलणार आहेत. एकच नियम, ज्याचं त्याने बोलायचं नाही."

मग जी धमाल उडाली ती काय सांगावी. माल उठवलेले सगळे परत आले, आणि येताना ओळखीच्यांनाही घेऊन आले. आपलं कुणाच्या तोंडी द्यायचं यावरून अशी घासाघीस चालली की लिलाव बरा. "माझं हिला देऊ नका," कोबीआजोबा आत्याकडे बोट दाखवत म्हणाले. "ही मीठमसाला लावते."

"काका, तुम्ही अळणी सांगता म्हणूनच लावावा लागतो," आत्या म्हणाली. "तुम्ही माझं नीट पाठ करा आधी."

तेच त्यांना जमत नव्हतं. आजोबा बोलायचे तेच मुळी बैलगाडी चढावर चढावी तसे. 'सगळं गेलं' इथवर यायचे आणि आभाळाला काय म्हटलं तेच विसरायचे. आत्या कपाळावर हात मारून घ्यायची. चष्मिस मागून कुजबुजून आठवण करून द्यायची, तर आजोबांना ऐकू यायचं नाही. ताईची विहीर भोंगाकाकांना मिळाली. त्यांची वेगळीच पंचाईत. आयुष्यभर लिलाव पुकारून त्यांना साधं वाक्य साधं बोलताच येईना, तोंड उघडलं की चाल लागायची. "तसंच म्हणा काका," भिंगरी म्हणाली. "अजिबात बदलू नका." आणि ती कोपऱ्यात जाऊन उड्या मारून आली, कारण काय सापडलंय हे तिला कळलं होतं. चित्रकलेच्या बाई एक तालीम बघायला आल्या, क्रेटवर बसल्या आणि जाताना म्हणाल्या, "मी तुला आवंढ्याचं सांगितलं होतं, ते विसर."

रविवार उजाडला. दुपारी शेड भरली. पुढे शाळेची मुलं फरशीवर, मध्ये शेतकरी, एका बाजूला खुर्च्यांवर व्यापारी. मिशीवाले शेठ, सगळ्यांत मोठे घेणारे, अगदी पुढच्या खुर्चीवर पायावर पाय टाकून बसले. ते नेहमी माल बघतात तसे माणसं बघत होते. आज कुणी ओळखला गेला, तर पुढच्या आठवड्यात भोगायचं त्यानेच होतं, आणि आणलं असतं भिंगरीने.

ती मध्ये उभी राहिली. "इथे आज जे जे बोलतील, ते त्यांचं नाही," ती म्हणाली. "कुणाचं आहे ते आम्ही सांगणार नाही." आणि चक्क बाजूला झाली.

भोंगाकाका पुढे आले. हातरुमाल खांद्यावर टाकला, एक हात वर केला आणि रोजच्या त्या उंच, ओढलेल्या चालीत सुरू झाले, "घागर एक, घागर एक, एका घागरीत झाडं किती, बोला, झाडं किती… चार म्हणतो, चार, पाचवं वाळलंय, पाचव्याला कोण, पाचव्याला कोण बोलतंय…" रोज या आवाजावर पटापट हात वर होतात. आज एकही होईना. व्यापारी खुर्च्यांत चुळबुळले. त्यांतल्या एकाचा हात अर्धा उचललाही गेला, आणि तो आपल्याच हाताकडे बघत राहिला. काका थांबले तेव्हा पत्र्यावर बसलेल्या कबुतरांचं घुमणं ऐकू येत होतं. मग आत्या आली, हवेतल्या ट्रॅक्टरवर बसली आणि हवेतल्या गड्ड्याला चक्कर मारून आणली. मुलं हसली. मग मुलंच आधी गप्प झाली. कोबीआजोबा आपल्या जागेवर दगडासारखे बसून होते, आणि शेजारच्याला म्हणाले, "म्हातारा येडाच दिसतोय कुणीतरी."

शेवटी आजोबांची पाळी. ते उभे राहिले, चढावर गाडी लागली. सकाळी गेलो. सगळा टोमॅटो खाली. सगळं गेलं. आणि थांबले.

भिंगरीला कळेना, हे थांबणं विसरल्याचं की बोलण्यातलं. चष्मिस मागे ओठ हलवून हलवून थकली. शेठ आता पुढे वाकले होते आणि त्यांची नजर एकेका चेहऱ्यावरून फिरत येत होती. ती आत्यावर आली. आत्याचा चेहरा नेहमीचा, लिलावातला, पण हनुवटी हलतेय हे भिंगरीला एवढ्या लांबूनही दिसलं. आता ही रडली तर संपलं.

आत्या शेजारच्या ताईकडे वळली आणि चांगल्या खणखणीत आवाजात म्हणाली, "कुणाचं गं एवढं नुकसान? बिचारं."

शेठची नजर पुढे सरकली.

आणि तेवढ्यात आजोबांना आठवलं. अगदी सावकाश, हिशेब सांगावा तसं त्यांनी आभाळाला सांगितलं, की तोडायला माणूस मिळत नव्हता, ते तू फुकट केलंस, आता निवडून, क्रेटमध्ये, भरूनही जा. चेहऱ्यावर रेघ हलली नाही. क्षणभर शेडला कळलंच नाही, आणि मग हसू फुटलं ते मागच्या रांगेपासून पुढे आलं, बायका पदरात तोंड घालून, माणसं मांड्यांवर थापा मारत, व्यापारीसुद्धा. हसताहसता कितीतरी जण डोळे पुसत होते, त्यामुळे आत्यानेही पुसले तर त्यात ओळखण्यासारखं काही राहिलं नाही.

नंतर शेड रिकामी व्हायला तयारच होईना. ज्यांनी काही दिलं नव्हतं, ते भिंगरीला बाजूला घेऊन माझंही घे म्हणायला लागले. बाबांनी काटा झाकून ठेवला होता, त्यावरच चारजण बसले होते. भिंगरी या टोकापासून त्या टोकापर्यंत नुसती गरगर फिरत होती, आणि फिरताफिरता समोर मिशीवाले शेठ उभे.

"पोरी, ते गारांचं," ते म्हणाले, "म्हाताऱ्याचंच ना?"

"सांगत नसतो आम्ही."

"बरं, नको सांगूस." पण ते गेले नाहीत. मिशीवरून हात फिरवत राहिले. इकडेतिकडे बघितलं आणि आवाज अगदी खाली आणला. "माझंही एक आहे. जुनं आहे. दोन ट्रक भाजी रस्त्यात अडकली होती, तेव्हाचं. पण मी नाही बोलणार. आमच्यात असलं बोलून चालत नाही."

भिंगरीने आत्याकडे बघितलं. आत्याने एक क्रेट पायाने ओढून उलटा केला, शेठच्या पुढ्यात ठेवला आणि स्वतः समोरच्यावर बसली. पुढच्या आठवड्यात हाच माणूस तिच्या टोमॅटोसमोर उभा राहणार होता आणि ती दगडासारखं तोंड करून मस्त म्हणणार होती. आज तिचे डोळे चमकत होते.

"सांगा," ती म्हणाली.

शेठ बसले. घसा साफ केला. "तर मी ट्रकमधून उतरलो, मागचं दार उघडलं—"

"थांबा थांबा," आत्या म्हणाली. "तेव्हा तुमच्या हातात काय होतं?"

"का बरं?"

"मला धरायला लागेल ना."